पडद्यावरील आकडा

संकेतजनित्र हे नाव कानाला जड वाटले, तरी वस्तू साधी आहे. मागू त्या कंपनसंख्येचा विद्युत्तरंग काढून देणारी ही एक पेटी. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थी, परवाना घेऊन घरातून संदेश धाडणारा हौशी बिनतारी प्रेषक, ह्या सर्वांना तिची गरज पडते. एके काळी ही पेटी विकत घेणे हे संस्थांचेच काम होते. आज एक लहानशी तरंगोत्पादक चिप, तिला हुकूम देणारा एक सूक्ष्मनियंत्रक, दोन ओळींचा पडदा आणि एक फिरते बटण एवढ्या सामानावर हौशी माणूस ती घरी उभी करतो, किंवा अशीच जुळवलेली पेटी थोडक्या पैशांत टपालाने मागवतो. बटण फिरवावे, पडद्यावर १,००,००,००० असा आकडा यावा, आणि मागच्या तोंडातून सेकंदाला एक कोटी आवर्तने करणारा तरंग बाहेर पडावा, अशी ही सोय आहे.

पण पडद्यावरचा तो आकडा मोजला कोणी? ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांना चकित करते. तो कोणीच मोजलेला नसतो. घड्याळ वेळ दाखवते, तापमापक ताप दाखवतो, तसा हा आकडा काही दाखवत नाही. माणसाने काय मागितले एवढेच तो परत वाचून दाखवतो. मागितले आणि मिळाले ह्यांच्यामध्ये सूक्ष्मनियंत्रकात साठवलेली एक आज्ञावली बसलेली असते, आणि मागणीचे अंकगणित ती करते. तिला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली ‘डेटामेशन’ मासिकातील लेखात योजला. धातूच्या यंत्राइतकी कठीण नव्हे आणि कागदावरच्या आज्ञावलीइतकी सैलही नव्हे, अशा मधल्या वस्तूला ते नाव शोभले. अर्थात आज तो शब्द ज्या अर्थाने रूढ आहे, तो ऑप्लरच्या मूळ अर्थापेक्षा बराच व्यापक आहे.

पूर्वीच्या जनित्रात अशी मध्यस्थ नव्हती. विल्यम ह्यूलेट ह्या तरुणाने कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असता जो आंदोलक रचला, त्यात तरंगाची उंची स्थिर राखण्यासाठी एक साधा विजेचा लहान दिवा बसवला होता. तरंग वाढू लागला की दिव्याची तार तापे, तिचा रोध वाढे आणि तरंग आपोआप आवरला जाई. डेव्हिड पॅकर्डबरोबर १९३९ साली सुरू केलेल्या कंपनीचा तो पहिला माल होय. ‘२०० ए’ हे त्याचे नाव आणि ५४ डॉलर ४० सेंट ही किंमत. त्याच मालिकेतील पुढचे आठ आंदोलक वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने ‘फँटासिया’ ह्या १९४० सालच्या चित्रपटाच्या कामासाठी घेतले. त्या यंत्रात सुधारणा करायची तर तारा उकलाव्या लागत आणि डाख द्यावा लागे. तबकडीवरच्या रेघा स्थूल असत, आणि आपण स्थूल आहोत हे त्या लपवीतही नसत. आठ अंकी आकडा दाखवण्याची ऐट त्यांच्याजवळ नव्हती.

आठ अंकी आकडा शक्य झाला तो दुसऱ्याच कल्पनेमुळे. टिअर्नी, रेडर आणि गोल्ड ह्या तिघांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिची मांडणी आहे. मनाशी एक मोठे घड्याळ कल्पावे. त्याच्या तबकडीवर बारा नव्हे, तर ४,२९,४९,६७,२९६ भाग पाडलेले आहेत. दोनाचा बत्तिसावा घात म्हणजे हीच संख्या. एक स्फटिक सेकंदाला साडेबारा कोटी ठोके देतो, आणि प्रत्येक ठोक्याला काटा ठरावीक इतके भाग पुढे उडी घेतो. उडी लांब असेल तर काटा लवकर वर्तुळ पुरे करील आणि कंपनसंख्या वाढेल. उडी आखूड असेल तर ती घटेल. काटा जेथे थांबेल त्या जागेची ज्या, म्हणजेच साइन, एका कोष्टकातून वाचायची आणि तितका विद्युद्दाब बाहेर सोडायचा. अनेक स्वस्त जनित्रांत असणारी ‘एडी ९८५०’ ही चिप हेच करते. तिच्या उडीचा आकडा बत्तीस द्विमान अंकांचा असतो, आणि उडीत एकाची वाढ केली की कंपनसंख्या सुमारे ०.०२९ आवर्तनांनी वाढते.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्यांचे कोष्टक करून ठेवावे आणि गणकाने त्यातून वाचावे, ही युक्ती आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त आहे. त्याने पाव वर्तुळाचे चोवीस भाग केले आणि लागोपाठच्या ज्यांमधील फरक दिले. पहिला फरक २२५. उरलेली तीन पावे त्याने लिहिली नाहीत, कारण ती पहिल्याचीच उलटसुलट रूपे आहेत. अशा प्रकारच्या अनेक चिपांतही जागा वाचवण्यासाठी पाव वर्तुळाचेच कोष्टक ठेवतात. ज्या, जीवा, अरबी जैब आणि लॅटिन सायनस असा प्रवास करून तो शब्द ‘साइन’ झाला, हे तर प्रसिद्धच आहे.

असो. चिप उडी घेते. पण उडी किती घ्यायची हे तिला आज्ञावली सांगते. हिशेब त्रैराशिकाचा आहे. मागितलेली कंपनसंख्या घ्यावी, तिला दोनाच्या बत्तिसाव्या घाताने गुणावे आणि स्फटिकाच्या कंपनसंख्येने भागावे. एक हजार आवर्तने मागितली तर उत्तर ३४,३५९.७३८ येते. उडी पूर्णांकच हवी. आज्ञावली लिहिणाऱ्याने अपूर्णांक नुसता छाटून टाकला, तर ३४,३५९ ही उडी पडून ९९९.९७८५ आवर्तने मिळतात. जवळचा पूर्णांक घेतला तर ३४,३६० ही उडी पडून १,०००.००७६ मिळतात. चूक जवळजवळ तिपटीने कमी झाली, आणि त्यासाठी आज्ञावलीत अर्धा मिळवण्याचा एकच शब्द वाढवावा लागला.

दुसरा दोष अधिक लपून बसणारा आहे. अशा पेटीत बहुधा आठ अंकांचा लहान सूक्ष्मनियंत्रक असतो. त्याच्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या कंपायलरात ‘डबल’ म्हणजे दुप्पट अचूकतेची संख्या असे लिहिले, तरी प्रत्यक्षात साधी चार बाइटांचीच संख्या मिळते. नावाने दुप्पट आणि मापाने एकपट, असा हा व्यवहार आहे. त्या संख्येत अचूकतेला चोवीसच द्विमान अंक लाभतात. परिणाम असा, की ८३,८८,६०८ च्या वर अपूर्णांक टिकत नाही, आणि १,६७,७७,२१६ च्या वर विषम पूर्णांकही ठेवता येत नाही. एक कोटी आवर्तनांसाठी खरी उडी ३४,३५,९७,३८३.६८ ही, पण त्या पल्ल्यात अशी संख्या बत्तीस-बत्तीसच्या टप्प्यांनीच पुढे सरकते, म्हणून चिपच्या हाती ३४,३५,९७,३७६ पडते. चिपची पायरी ०.०२९ आवर्तनांची असताना आज्ञावलीने ती ०.९३ आवर्तनांची करून ठेवली. चिप बारीक पावलांची, पण तिला हुकूम देणारा लांब टांगांचा!

रेडिओ जुळवणाऱ्या कारागिराचे ह्याने काही बिघडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ४५५ किलोहर्ट्झच्या मधल्या कंपनसंख्येवर डबे जुळवताना दहा-वीस आवर्तनांचा फरकही कोणी विचारात घेत नाही. विद्यार्थ्याच्या बऱ्याचशा प्रयोगांतही तो अदृश्यच राहतो. मग ही अंकगणिताची झडती कशाला?

तिचे कारण हौशी प्रेषकांच्या एका उपक्रमात सापडते. १९९३ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्या जोसेफ टेलर ह्यांनी २००८ साली ‘व्हिस्पर’ नावाची संदेशपद्धती सुरू केली. नाव कुजबुजीचे, आणि कामही कुजबुजीचेच. अतिशय दुबळ्या शक्तीचा प्रेषक आपले बोधनाव, ठिकाण आणि शक्ती एवढेच संथपणे कळवतो, आणि हजारो मैलांवरचे ग्राहक ते गोंगाटातून वेचून काढतात. संदेश सम मिनिटाच्या आरंभी सुरू होतो आणि सुमारे ११० सेकंद चालतो. त्यात चारच स्वर असतात आणि लगतच्या दोन स्वरांमधील अंतर अवघे १.४६ आवर्तने असते. वीस मीटरच्या पट्ट्यात सर्व जगाचे हे कुजबुजणे १,४०,९७,००० ते १,४०,९७,२०० ह्या दोनशे आवर्तनांच्या चिंचोळ्या गल्लीत चालते. परवानाधारक हौशी लोक ‘एडी ९८५०’वरील जनित्राला एक लहान प्रवर्धक आणि गाळणी जोडून असा प्रेषक करतात.

आता वरचा दोष ह्या ठिकाणी आणून ठेवावा. चार स्वर ०, १.४६, २.९३ आणि ४.३९ ह्या अंतरांवर हवेत. पण एक कोटी चाळीस लाखांच्या घरात आज्ञावलीच्या संख्येत अपूर्णांक टिकतच नाही, म्हणून ते ०, १, ३ आणि ४ असे होतात. पुढे उडी काढताना पुन्हा ०.९३ ची ठेच लागते. समान अंतरावर बसायचे स्वर वेडेवाकडे बसतात. पडदा मात्र तोच आठ अंकी आकडा निर्विकारपणे दाखवत राहतो, आणि दूरच्या ग्राहकाला काही कळत नाही. प्रेषक बिचारा अँटेनाला दोष देतो, हवेला दोष देतो, चार रात्री जागतो, आणि चूक असते ती भागाकारात.

उपाय आज्ञावलीतच आहे. कंपनसंख्या अपूर्णांकात न ठेवता आवर्तनाच्या शतांशांत पूर्णांक म्हणून ठेवावी, आणि गुणाकार-भागाकार चौसष्ट द्विमान अंकांच्या पूर्णांकांत करावा. चार कोटी आवर्तनांपर्यंत हा गुणाकार त्या मापात बसतो. स्वरांतील १.४६ चे अंतर म्हणजे चिपच्या पन्नास पायऱ्या. तेथे चूक शतांशाच्या आसपासच उरते. सूक्ष्मनियंत्रकाला हे गणित थोडे जड जाते खरे, पण बटण फिरवणाऱ्या माणसाच्या बोटापेक्षा तो तरीही कितीतरी चपळ आहे.

एवढे करूनही प्रेषक गल्लीबाहेर राहू शकतो, कारण भाजक अजून तपासलेला नाही. आज्ञावलीत स्फटिकाचे ठोके साडेबारा कोटी असे लिहिलेले असतात, आणि ते स्फटिकाच्या टोपणावरचे छापील वचन असते. स्वस्त स्फटिक दशलक्षात वीस-तीस-पन्नास भागांनी चुकला तर त्यात नवल नाही. दशलक्षात तेवीस भागांची चूक धरली, तर चौदा मेगाहर्ट्झवर ती सुमारे ३२४ आवर्तने होते. गल्ली दोनशेची, चूक सव्वातीनशेची! अशा वेळी संदेश कितीही शुद्ध असला, तरी तो शेजारच्या आळीत ओरडत उभा असतो.

म्हणून स्फटिक मोजावा लागतो. मध्यम लहरीवरील नभोवाणी केंद्राच्या वाहक लहरीशी जनित्राचा तरंग भिडवून दोहोंच्या फरकाचे ठोके ग्राहकयंत्रात ऐकणे, ही जुन्या लोकांची सुंदर रीत. तिने ढोबळ पडताळा होतो. पण आंतरराष्ट्रीय नियमांत अशा केंद्राला दहा आवर्तनांची सूट आहे, आणि एक हजार किलोहर्ट्झवर ती दशलक्षात दहा भाग होते. अधिक चांगला पंच आज आकाशात आहे. उपग्रहांवरून स्थाननिश्चिती करणारे लहान ग्राहक दर सेकंदाला एक अचूक ठोका देतात. जनित्राला दहा लाख आवर्तने मागावी, ती सूक्ष्मनियंत्रकाच्या गणकात सोडावी, आणि उपग्रहाचे शंभर ठोके पडेपर्यंत मोजावी. समजा, गणती दहा कोटींऐवजी १०,००,०२,३०० भरली. मग स्फटिक दशलक्षात तेवीस भाग वेगाने धावतो आहे, आणि भाजक साडेबारा कोटी नसून १२,५०,०२,८७५ आहे. हा आकडा आज्ञावलीत लिहिला की पेटी खरे बोलू लागते. मात्र तो त्या दिवसाच्या, त्या उष्णतेच्या स्फटिकाचा आकडा आहे. पेटी सुरू करून अर्धा तास तापू द्यावी आणि मगच मोजावे. थंडीच्या पहाटे घेतलेले माप वैशाखात पाळले जाईल असे नाही.

आज्ञावलीत आणखीही लहानसहान गोष्टी सुधारण्याजोग्या निघतात. त्यांतील एक सांगितलीच पाहिजे. शेवटची कंपनसंख्या पेटी बंद झाल्यावरही लक्षात राहावी, म्हणून काही आज्ञावल्या बटणाच्या प्रत्येक खटक्याला ती कायम स्मृतीत लिहितात. ‘एटीमेगा ३२८’ ह्या लोकप्रिय सूक्ष्मनियंत्रकात त्या स्मृतीचे आयुष्य एक लाख लेखनांचे मानले जाते. उत्साही हातात बटण तेवढे खटके काही महिन्यांत घेईल. हात थांबल्यावर चार-पाच सेकंदांनी एकदाच लिहावे, अशी सुधारणा केली की तीच स्मृती वर्षानुवर्षे पुरते.

ह्यापुढे मात्र आज्ञावलीची सत्ता संपते, आणि पुष्कळांची फसगत येथेच होते. पडद्यावर चार कोटींच्या वर आकडा जाऊ नये, अशी मर्यादा आज्ञावलीत घातलेली असते. ती पुसून सहा कोटी लिहिणे हे एका मिनिटाचे काम आहे. पण साडेबारा कोटी ठोक्यांनी कोरलेल्या चार कोटींच्या तरंगासोबत साडेआठ कोटींचा एक जुळा भाऊ आपोआप जन्मतो, आणि चिपच्या तोंडाशी त्याची उंची मूळ तरंगाच्या जवळजवळ निम्मी असते. त्याला अडवते ती गाळणी, आणि गाळणी तारेच्या वेटोळ्यांची व संधारित्रांची असते, अक्षरांची नसते. मागणी सहा कोटींवर नेली तर जुळा साडेसहा कोटींवर येतो. मग कोणतीही स्वस्त गाळणी दोघांना वेगळे करू शकत नाही. मूळ तरंगही वर जावे तसा खचत जातो; चार कोटींवर तो सोळा टक्क्यांनी उतरलेला असतो.

ह्यावर रायगोल कंपनीच्या तरंगदर्शकाचे उदाहरण पुढे केले जाते. पन्नास मेगाहर्ट्झचा ‘डीएस १०५२ ई’ नुसती आज्ञावली बदलून शंभर मेगाहर्ट्झचा होतो, हे २०१० साली जगजाहीर झाले होते. उदाहरण खरे आहे; पण तेथे महाग आणि स्वस्त ह्या दोन्ही यंत्रांचे आतले अवयव तेच होते, आणि आज्ञावलीने ते आवरून धरले होते. बांधलेला हात सोडता येतो. नसलेला हात सोडायचा कोठून? आपल्या पेटीत ह्यांपैकी कोणती परिस्थिती आहे, हे झाकण उघडून पाहिल्यावाचून ठरत नाही. झाकण उघडलेच तर विजेच्या दोरीकडेही पाहावे. काही स्वस्त पेट्यांना दोनच पायांची दोरी असते, जमिनीची तार नसते, आणि आतल्या संधारित्रांमुळे बाहेरच्या तोंडावर मुख्य दाबाच्या अर्ध्याइतका दाब तरंगत राहतो. प्रवाह अल्प असतो, पण नाजूक मंडल जाळायला तो पुरतो. त्याला औषध तिसऱ्या तारेचे, आज्ञावलीचे नव्हे.

बदल करू इच्छिणाऱ्याने पहिला हात मूळ आज्ञावलीच्या नकलेला घालावा. पुष्कळदा निर्मात्याने सूक्ष्मनियंत्रकाला वाचनाचे कुलूप लावलेले असते. हे कुलूप काढण्याचा सरळ मार्ग एकच असतो, तो म्हणजे सर्व स्मृती पुसून टाकणे. कुलूप जाते आणि त्याबरोबर मूळ आज्ञावलीही जाते. नवी पूर्ण आज्ञावली हाताशी नसताना ती आज्ञा दिली, तर हातात मुकी पेटी उरते. घड्याळाची निवड ठरवणारे द्विमान अंक चुकीचे लिहिले गेले तरीही चिप मुकी होते. पण ती मेलेली नसते. तिच्या स्फटिकाच्या पायाला बाहेरून ठोके दिले की ती पुन्हा बोलते. अशा वेळी दुसरे जनित्र शेजाऱ्याकडून मागून आणावे लागते, हा त्यातला विनोद.

कायद्याचा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. भारताच्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्याच्या बावन्नाव्या कलमात १९९९ च्या दुरुस्तीने जी भर पडली, तिच्यानुसार आज्ञावलीची प्रत रीतसर बाळगणाऱ्याला ती नेमून दिलेले काम करत असता तिचे निरीक्षण, अभ्यास आणि परीक्षण करून तिच्यामागील कल्पना व तत्त्वे जाणून घेण्याची मोकळीक आहे. दुसऱ्याची आज्ञावली उतरवून विकण्याची मोकळीक त्यात नाही. स्वतः कोऱ्या पानावर लिहिलेली आज्ञावली स्वतःच्या पेटीत घालणाऱ्याला ह्या कलमाची आठवणही काढावी लागत नाही. ह्या छोट्या जनित्रांच्या बाबतीत बहुतेक अनुभवी माणसे हाच मार्ग पत्करतात, कारण चिपचे सर्व हुकूम तिच्या निर्मात्याने आपल्या माहितीपत्रकात उघड छापलेले आहेत. चाळीस द्विमान अंक एकापाठोपाठ आत सारायचे आणि शेवटी एक इशारा द्यायचा, एवढाच तो व्यवहार आहे.

बदललेली पेटी पुढे दुसऱ्याच्या हाती जाते, तेव्हा आत काय बदलले आहे हे त्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून जाणती माणसे झाकणाच्या आतल्या बाजूस कागदाची एक चिठ्ठी डकवतात. तीवर आज्ञावली कोणत्या दिवशी बदलली, स्फटिकाचे मोजलेले ठोके किती, आणि मोजताना खोलीतले तापमान किती होते, हे शाईने लिहिलेले असते.